बिल भरले, पण हिशेब मिटला का?

गेल्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले होते. मी नेहमीप्रमाणे अंगणात पाइप धरून उभा होतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमचे घर आहे आणि घरासमोर एक गुंठाभर जागेत हिरवळ आहे. पूर्वी तेथे वडिलांची केळीची बाग होती. नवीन घर बांधले तेव्हा केळी गेली आणि मुलांच्या हौसेखातर लॉन आले. घरकामाला येणाऱ्या ताई फाटक उघडून आत आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या,

"काका, हे गवत तुम्ही गुरांना घालता का?"

"नाही हो ताई. आपल्याकडे गुरे कुठली आता?"

"मग याला रोज पाणी कशाला?"

"शोभेला," मी म्हणालो. त्या काही न बोलता आत भांडी घासायला गेल्या. त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला होता, कारण त्यांच्या चाळीत टँकर आला होता. रेल्वे रुळांच्या पलीकडे त्या राहतात. उन्हाळ्यात तेथे दोन-तीन दिवसांनी टँकर येतो आणि प्रत्येक घराला पिंप मोजून पाणी मिळते.

ताईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, पण तो माझ्या मनातून जाईना. मी स्वतःलाच समजावू लागलो. पाणी माझ्या जागेतील बोअरचे आहे. पंपाचे वीजबिल मी भरतो. पालिकेची नळपट्टी मी कधी थकवली नाही. मग मी कोणाचे काय घेतले?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. आपल्यापैकी अनेकांची आता स्वतःची घरे आहेत, गच्चीवर टाक्या आहेत, अंगणात बाग आहे. पाण्याचे पैसे भरले की ते पाणी आपल्या मालकीचे होते का आणि मालकीचे झाले म्हणून त्याचे वाटेल ते करण्याची मुभा मिळते का, याचा आज थोडा विचार करू या.

आपण पैसे कशाचे भरतो?

पाण्याचे बिल हाती आले की आपण म्हणतो, 'पाणी महागले.' खरे पाहता पाण्याची किंमत त्या बिलात नसतेच. पाऊस पाडण्याचे पैसे कोणी मागत नाही. आपण भरतो तो खर्च पाणी आणण्याचा असतो. धरण, पंप, वीज, तुरटी, क्लोरीन, मैलोन्‌मैल जलवाहिन्या आणि त्यांवर राबणारी माणसे यांचा तो खर्च आहे. दुकानातून आणलेल्या साबणाची जशी किंमत चुकवतो, तशी आपण पाण्याची चुकवत नाही. टपालखात्याला पत्र पोहोचवण्याचे पैसे द्यावेत, तसे हे आहे. पत्रातील मजकुराचे मोल त्या तिकिटावरून ठरत नाही.

वसई-विरारच्या नळांना येणारे बरेचसे पाणी सूर्या नदीवरील धामणी धरणाचे आहे. हा प्रकल्प मुळात डहाणू-पालघर भागातील शेतीला पाणी मिळावे म्हणून आखला गेला होता. पुढे शहरे वाढली आणि पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. तेथील आदिवासी व शेतकरी बांधवांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे आंदोलने केली. म्हणजे आपल्या नळातून पडणाऱ्या पाण्यावर आपल्या आधी कोणीतरी आशा ठेवली होती. नळपट्टीच्या पावतीने ती आशा आपण विकत घेतली असे म्हणता येईल का? शहरातील माणसांना पिण्यास पाणी हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या शेताचे पाणी आपल्या घरी आले, त्याच्यासमोर उभे राहून 'मी ते शोभेच्या गवतावर सोडतो' असे सांगायला निदान माझी तरी जीभ रेटणार नाही.

मीटर म्हणजे शत्रू नव्हे

आपल्या राज्यातील अनेक गावांत व शहरांत नळपट्टी वर्षाची ठरलेली असते. अर्धा इंची जोडणी असेल तर इतके रुपये, पाऊण इंची असेल तर तितके. दोन खोल्यांत राहणारी विधवा आणि मोटार व अंगण रोज धुणारा बंगलेवाला, दोघांची जोडणी अर्धा इंची असेल तर दोघांना पट्टी सारखीच. वरवर पाहता ही समानता वाटते. खरे तर त्या विधवेच्या पट्टीतून बंगलेवाल्याचे अंगण धुतले जात असते. म्हणून मीटरचे नाव निघाले की 'गरिबांवर बोजा' अशी जी ओरड होते, ती कोण करतो हे नीट पाहिले पाहिजे. कधी कधी ती गरिबांच्या नावाने केलेली बंगल्यांची ओरड असते.

मीटरचे एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. मीटर असेल तर टप्प्याटप्प्याने दर लावता येतो. गरजेपुरते पाणी स्वस्त, त्यापुढचे महाग, चैनीचे आणखी महाग. मुंबई महापालिकेने याच तत्त्वावर माणशी दररोज दीडशे लिटरच्या पुढील वापराला चढता दर लावला. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूर येथे घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली गेली. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी होणार, असे आपल्याला वाटते. पण नळाला पाणी केव्हाही येणार आहे अशी खात्री असेल तर माणूस साठवून ठेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी 'पाणी शिळे झाले' म्हणून हंडे-बादल्या मोरीत रिकाम्या करत नाही. आपल्या घरांतून रोज सकाळी असे किती चांगले पाणी गटारात जाते, याची आठवण प्रत्येक गृहिणीला असेल.

मी स्वतः काय केले ते सांगतो. ताईंच्या प्रश्नानंतर मी प्लंबरला बोलावून बोअरच्या पाइपवर एक साधे मीटर बसवून घेतले. कोणी सक्ती केली नव्हती. मला फक्त आकडा हवा होता. एका आठवड्यात हिरवळीवर सुमारे पाच युनिट, म्हणजे पाच हजार लिटर पाणी पडले. दिवसाला सातशे लिटर! आधी मला मीटरच बिघडले असे वाटले. मग हिशेब करून पाहिला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले की ते एक लिटर होते. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची तर दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे पाचशे लिटर. उरलेले दोनशे लिटर माझ्या निष्काळजीपणाचे होते. भर उन्हात उडणारी वाफ, सिमेंटच्या वाटेवर पडणारी धार आणि फोन आला म्हणून तसाच चालू राहिलेला पाइप.

आपल्या देशात शहरातील माणसासाठी दिवसाला १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण धरतात. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. त्या मापाने माझे गवत शहरातील पाच माणसांचे किंवा खेड्यातील बारा-तेरा माणसांचे पाणी रोज पीत होते. आमच्या घरात माणसे तीन! मीटरने मला रागावले नाही, उपदेश केला नाही, दंडही केला नाही. त्याने फक्त आकडा समोर ठेवला. पापनिवेदनाआधी आपण विवेकबुद्धीची तपासणी करतो. त्या तपासणीतही पहिली पायरी हीच असते. जे घडले ते आकड्यासकट मान्य करणे.

पण मीटर आंधळे असते

येथे थोडे थांबले पाहिजे. मीटर किती पाणी गेले ते सांगते, कशासाठी गेले ते सांगत नाही. बाळंतिणीच्या न्हाणीचे शंभर लिटर आणि मोटार धुण्याचे शंभर लिटर त्याला सारखेच. म्हणून पाण्याला केवळ दर लावला की न्याय झाला, असे समजणे चूक आहे. याचा कडू अनुभव दक्षिण आफ्रिकेने घेतला आहे.

ऑगस्ट २००० मध्ये तेथील क्वाझुलू-नाताल प्रांतात कॉलऱ्याची साथ सुरू झाली. एक लाखाहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ज्या वस्त्यांत आधी सार्वजनिक नळावर फुकट पाणी मिळत होते, तेथे पैसे भरून मिळणारे पाणी सुरू झाले. ज्यांना ते परवडेना ते नदी-डबक्यांचे पाणी आणू लागले, हे साथ पसरण्याचे एक कारण मानले जाते. त्यानंतर २००१ साली सरकारने प्रत्येक कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण आखले. आठ माणसांच्या घरात हे माणशी दिवसाला पंचवीस लिटर होते.

एवढ्याने भागेना. जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातील फिरी वस्तीत आधी पैसे भरा, मग पाणी घ्या, अशी मीटर बसवली गेली. मोफत वाटा संपला आणि पैसे नसले की नळ बंद. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. २००८ साली उच्च न्यायालयाने सांगितले की, माणशी दिवसाला पन्नास लिटर मोफत पाणी द्या आणि ही मीटर बेकायदा आहेत. पण ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि शहराचे धोरण वाजवी ठरवले. गरिबांनी मागितलेले पन्नास लिटर त्यांना मिळाले नाहीत.

नियतीचा खेळ पाहा. त्याच देशात, केपटाऊन शहरात, सलग तीन वर्षे पाऊस कमी झाला आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून प्रत्येक नागरिकावर मर्यादा घातली गेली. दिवसाला पन्नास लिटर! गरिबांना हक्क म्हणून जे मिळाले नाही, ते आता श्रीमंतांची कमाल मर्यादा झाले. पालिकेचे पाणी हिरवळीला घालणे, त्याने मोटार धुणे आणि पोहण्याचे तलाव भरणे यांवर बंदी आली. जास्त पाणी वापरणाऱ्या घरांच्या नळांवर प्रवाह रोखणारी यंत्रे बसवली गेली. धरणे आटली तर सारे नळ बंद करून, सुमारे दोनशे ठिकाणी रांगा लावून माणशी पंचवीस लिटर पाणी वाटण्याची तयारी झाली. त्या दिवसाला त्यांनी 'शून्य दिवस' असे नाव दिले होते. लोकांनी न्हाणीचे पाणी बादलीत धरून शौचालयात ओतले, बागा वाळू दिल्या, शहराचा वापर २०१५ च्या तुलनेत निम्म्याहून खाली आला आणि पुढे पाऊसही झाला. तो दिवस टळला.

या गोष्टीतून आशाही घेता येते. माणसे मनावर घेतील तर बदलू शकतात. पण तिला दुसरी बाजू आहे. त्याच काळात केपटाऊनच्या सधन वस्त्यांत घरोघरी बोअर खणले गेले. नळाचे पाणी नको, जमिनीतील घेऊ! फाटकावर 'येथे बोअरचे पाणी वापरले जाते' अशी पाटी लागली की हिरवळ पुन्हा हिरवी. केपटाऊनवरील एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार शहरातील वरच्या थरातील सुमारे चौदा टक्के लोक घरगुती पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी वापरतात. हे वाचताना मला ती पाटी माझ्याच फाटकावर दिसू लागली.

माझी विहीर, माझे पाणी?

'जमीन माझी, म्हणून तिच्याखालचे पाणी माझे' ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही जमीनमालकाला आपल्या हद्दीतील जमिनीखालचे पाणी घेण्याचा अधिकार मान्य केलेला आहे. पण पाणी काही हद्दीचे दगड पाहून वाहत नाही. माझा बोअर आणि माझ्या चुलतभावाची विहीर यांमध्ये एक कुंपण आहे. ते जमिनीवर आहे, जमिनीखाली नाही.

आपला वसईचा पट्टा समुद्राकाठचा. येथे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. भूजलाचे जाणकार सांगतात की, समुद्रकाठी गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र पुस्तकातून कळले नव्हते, पण त्यांचा व्यवहार त्याला धरून होता. रहाटाने जेवढे पाणी येई तेवढेच ते घेत. पावसाचे पाणी बावखलांत साठवत आणि जिरू देत. मग पंप आले, बावखले बुजली, टँकर आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा विहिरींतून टँकरसाठी होणारा बेसुमार उपसा हाही तिचा एक मोठा मुद्दा होता. आपल्यापैकी अनेकजण त्या मोर्चांत चालले आहेत. मीही चाललो आहे.

आज माझ्या चुलतभावाच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ लागते. त्याच्या पानवेली गेल्या. हे माझ्याच हिरवळीमुळे झाले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, कारण आमच्या गल्लीत बोअर पंधरा आहेत. आणि नेमकी हीच आपली पळवाट आहे. दोष पंधरा जणांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की कोणालाच तो बोचत नाही. विहीर मात्र पुरती खारट होते.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला होता. मी गवताचे पाणी बंद केले म्हणून ताईंच्या चाळीत थोडेच ते पोहोचणार आहे? असाच प्रश्न २०१६ साली महाराष्ट्रात विचारला गेला होता. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्याच दिवसांत आयपीएलच्या क्रिकेट सामन्यांसाठी मैदानांवर पाणी मारले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल रोजी, एप्रिलअखेरनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. आयोजक म्हणाले होते, आम्ही पिण्याचे पाणी नव्हे, तर प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू. अनेकजण म्हणाले, सामने हलवून लातूरला एक थेंबही जास्त मिळणार नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही त्या आदेशाने अनेकांच्या मनाला समाधान वाटले. का? कारण घरात एक मूल तहानेने रडत असताना दुसऱ्या खोलीत रंगपंचमी खेळू नये, हे आपल्याला आतून कळते. त्याने मुलाची तहान भागत नाही, पण आपण एका घरातील माणसे आहोत एवढे तरी सिद्ध होते.

माझ्या बाबतीत तर तेवढीही सबब उरली नाही. मी चौकशी केली. ताईंच्या चाळीत येणारा टँकर आमच्याच पट्ट्यातील एका विहिरीवर भरतो, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. म्हणजे जमिनीखालच्या एकाच भांड्यातून मी गवतासाठी उपसत होतो आणि त्या स्वयंपाकासाठी विकत घेत होत्या. वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला तरी हजार लिटरचे हजार रुपये होतात. मला तेच हजार लिटर पंपाच्या थोड्याशा विजेत पडतात. ज्याच्याकडे कमी आहे, त्याला पाणी महाग आणि ज्याच्याकडे अंगण आहे, त्याला जवळजवळ फुकट. ही व्यवस्था मी केलेली नाही. पण रोज सकाळी पाइप हाती धरून मी तिच्यात सामील होतो.

हक्क कोणता, जबाबदारी कोणती?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि पाण्याचा केवळ बाजारातील माल होऊ लागला आहे याबद्दल चिंता व्यक्त केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही जुलै २०१० मध्ये पाण्याचा हक्क मान्य केला आहे. काही जण यावरून म्हणतात, 'पाणी हा हक्क आहे ना? मग मीटर कशाला आणि बिल कशाला?' पण नीट पाहिले तर हक्क तहानेचा आहे, स्वयंपाकाचा आहे, स्वच्छतेचा आहे. हिरवळीचा हक्क कोणीही सांगितलेला नाही. गरजेच्या पाण्याला पैशाअभावी कुलूप लागता कामा नये आणि चैनीच्या पाण्याला पैशाच्या जोरावर मोकळे रान मिळता कामा नये. मला वाटते, पाण्याच्या दराचा सारा नीतिविचार या दोन वाक्यांत येतो. पहिल्यासाठी मोफत किंवा स्वस्त वाटा हवा, दुसऱ्यासाठी नुसता चढा दर पुरत नाही, स्पष्ट मर्यादा हवी. कारण श्रीमंताला चढा दर बोचत नाही. तो दंड भरतो आणि पाइप चालूच ठेवतो.

आपल्या मराठी मातीत याचा धडा जुना आहे. महात्मा फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. तो हौद त्यांच्या मालकीचा होता, त्यावर कायद्याने कोणाचाही हक्क नव्हता. डॉ. आंबेडकरांचा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, तो सार्वजनिक तळ्यासाठी होता. फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी प्रश्न आपल्या अंगणात आणला. माझे आहे हे खरे, पण ते कशासाठी माझे आहे?

पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या पुस्तकात, इसहाकाच्या विहिरींची गोष्ट येते. त्याच्या चाकरांनी एक विहीर खणली, तर गराराचे गुराखी भांडू लागले की पाणी आमचे. इसहाकाने ती सोडली, दुसरी खणली. तिच्यावरूनही भांडण झाले. तीही सोडून तो पुढे गेला आणि तिसरी खणली. तिच्यासाठी कोणी भांडले नाही, तेव्हा त्याने तिला जे नाव दिले त्याचा अर्थ आहे, ऐसपैस जागा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला इसहाक भित्रा वाटे. आज वाटते, ज्या विहिरीवर शेजाऱ्याशी वैर आहे, तिचे पाणी कितीही गोड असले तरी प्यायच्या लायकीचे नसते, हे त्याला समजले होते.

आमच्या अंगणात आता

मी काय केले ते सांगून लेख संपवतो. फार मोठे काही केलेले नाही, हे आधीच कबूल करतो.

हिरवळ तीन हिश्शांनी कमी केली. उरलेल्या कोपऱ्याला पाऊस असेल तेव्हा पाऊस आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, सूर्य मावळल्यावर पाणी. ते पिवळे पडते. पडू दे. पावसाळा आला की ते पुन्हा हिरवे होते. मोकळ्या जागेत केळी आणि अळू लावले आणि मोरीचे व धुण्याचे पाणी तिकडे वळवले. आमच्या आईची मोरीही केळीच्या आळ्यातच उतरत असे, मी नवीन काही शोधलेले नाही. गच्चीचे पावसाचे पाणी शोषखड्ड्यात सोडले. थेंब थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरपर्यंत पाणी घालवतो हे कळल्यावर घरातील दोन नळांचे वायसर बदलले. बोअरचे मीटर तसेच ठेवले आहे. दर रविवारी मिस्साहून आल्यावर त्याचा आकडा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. पत्नी हसते, पण एखाद्या रविवारी मी विसरलो तर तीच आठवण करून देते.

चुलतभावाची विहीर अजून मचूळच आहे. "एका पावसाळ्यात व्हायचे नाही रे ते," असे तो म्हणाला. पण गल्लीतील आणखी चार जणांनी शोषखड्डे केले, तेव्हा स्वतः कुदळ घेऊन तो मदतीला आला.

आणि ताई? मी त्यांना म्हणालो, "ताई, जाताना रोज एक कॅन आमच्याकडून भरून नेत जा."

त्या म्हणाल्या, "काका, चाळीत साठ घरे आहेत. मी एकटीने कॅन नेला तर शेजारणीला काय सांगू?"

मी पुन्हा निरुत्तर झालो. मी दान देऊन हिशेब मिटवू पाहत होतो. त्या न्याय मागत होत्या आणि तोही साठ घरांसाठी. त्या चाळीला मीटरसह नळजोडणी मिळावी म्हणून आम्ही काही जणांनी रहिवाशांबरोबर अर्ज केला आहे. ताईंचे म्हणणे, "मीटर लावा, बिल आम्ही भरू, टँकरपेक्षा स्वस्तच पडेल." दोनदा खेटे घातले, तिसऱ्यांदा या आठवड्यात जायचे आहे. जोडणी अजून मिळालेली नाही. ज्यांना या कामात साथ द्यायची असेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात भेटावे. आणि तेथे उभे असताना आपल्या चर्चच्या आवारातील हिरवळीकडेही एकदा पाहावे. तिचे मीटर कोठे आहे, हा प्रश्न मी आपल्या सर्वांपुढे ठेवतो.

नळपट्टीची पावती मी अजूनही फाइलमध्ये जपून ठेवतो. तिच्यावर 'बाकी शून्य' असे छापलेले असते. पालिकेच्या दप्तरी ते खरेच आहे. परमेश्वराच्या आणि शेजाऱ्याच्या दप्तरी बाकी किती, ते मात्र प्रत्येकाने आपापल्या नळाजवळ उभे राहून मोजायचे आहे.